वरसईचे विष्णुभट गोडसे आणि त्यांची वही

१८५७ च्या धामधुमीवर इंग्रजांनी कपाटे भरतील इतके कागद लिहून ठेवले. लष्करी अहवाल, तारा, घरी धाडलेली पत्रे, रोजनिशा, आणि पुढे पेन्शनीत बसून लिहिलेल्या आठवणी. त्याच वेळी त्याच गावांत, त्याच रस्त्यांवर असलेल्या आपल्या माणसांनी काय लिहून ठेवले, असे विचारले तर उत्तर फार लवकर संपते. मराठीपुरते बोलायचे तर त्या उत्तरात पहिले नाव घ्यावे लागते ते कोणा सरदाराचे किंवा दिवाणाचे नाही. ते एका कर्जबाजारी भिक्षुकाचे आहे. वेदमूर्ती विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, पेणजवळ, तेव्हाचा कुलाबा जिल्हा.

आपल्या उज्जैनच्या मराठी मंडळींना या गृहस्थांची ओळख असायला हवी. त्यांना घराबाहेर काढणारे निमित्त आपल्या घरातलेच आहे. छत्री चौकातून जाताना रोज दिसणारे गोपाळ मंदिर ज्या बायजाबाई शिंद्यांच्या नावाने ओळखले जाते, त्याच बायजाबाईंच्या दानधर्माची बातमी ऐकून विष्णुभट कोकणातून निघाले.

बायजाबाई म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी, कागलकर सर्जेराव घाटग्यांची लेक. दौलतराव १८२७ साली निवर्तल्यावर सहा वर्षे त्यांनी राज्याचा कारभार पाहिला, पुढे घरच्याच वादात गादीपासून दूर झाल्या. ग्वाल्हेरला परत जाण्यापूर्वी काही वर्षे त्यांचा मुक्काम उज्जैनला होता. बाईंचा पैशाचा व्यवहार मोठा चोख. सावकारी आणि हुंड्यांच्या धंद्यात त्यांचा स्वतःचा पैसा खेळत असे, आणि त्या धंद्याचे एक ठाणे आपले उज्जैन होते. आयुष्यभर बँकेत काढलेल्या आमच्यासारख्यांना बाईंचे कौतुक देवळापेक्षा यासाठी अधिक वाटते, हे इथे सांगून टाकलेले बरे.

तर या बायजाबाई उतारवयात मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, त्यावर लाखो रुपये खर्च होणार, दक्षिणेतल्या ब्राह्मणांना बोलावणे आहे, अशी वार्ता १८५७ च्या आरंभी कोकणात पोहोचली. विष्णुभट तेव्हा तिशीच्या आसपास होते. जन्म १८२७ च्या सुमाराचा. घर वैदिकाचे, पेशवाई बुडाल्यामुळे आश्रय सुटलेले. खाणारी तोंडे पुष्कळ, आणि कार्यांसाठी काढलेले कर्ज डोक्यावर. गावात राहून भिक्षुकीवर ते फिटण्यासारखे नव्हते. उत्तरेत जाऊन यज्ञात बसावे, दक्षिणा मिळवावी, सावकाराचे देणे देऊन मोकळे व्हावे, इतका साधा हिशेब होता. आईवडिलांचे मन होईना. हिंदुस्थान म्हणजे फार लांबचा, परक्या रीतीभातीचा मुलुख, अशी तेव्हा कोकणात समजूत. शेवटी काका रामभट बरोबर जायला तयार झाले तेव्हा परवानगी मिळाली. फाल्गुनात दोघे निघाले. मीरतची ठिणगी पडायला अजून दोन महिने होते. आपण कशात चाललो आहोत याची त्या दोघांना कल्पना असण्याचे कारणच नव्हते.

पुण्यावरून मजल दरमजल करीत, सातपुडा ओलांडून काका-पुतणे आपल्या माळव्यात आले. महूजवळ त्यांची पलटणीतल्या शिपायांशी गाठ पडली आणि तिथे त्यांनी पहिल्यांदा बंडाची भाषा ऐकली. काडतुसांची गोष्ट तर होतीच. पण शिपायांनी आणखी एक हकीकत सांगितली. इंग्रजांनी हिंदू आणि मुसलमान दोघांचाही धर्म बुडवण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमांचा कायदा तयार केला आहे आणि राजेरजवाड्यांना तो ऐकवला आहे, अशी ती हकीकत. असा कायदा काही झालेला नव्हता. इतिहास म्हणून ती कलमे टिकत नाहीत. पण लोक काय मानत होते, छावणीतल्या झाडाखाली बसून काय बोलले जात होते, त्याचा हा पुरावा आहे, आणि तो सरकारी दफ्तरात मिळायचा नाही. शिपाई ज्या मोकळेपणाने एका फिरस्त्या ब्राह्मणाशी बोलले, त्या मोकळेपणाने कोणत्या साहेबाशी बोलणार होते?

महूच्या छावणीत बंड झाले ते १ जुलै १८५७ रोजी. त्याच दिवशी इंदूरच्या रेसिडेन्सीवरही हल्ला झाला. माळव्याचा हा सगळा पट्टा पेटू लागलेला असताना आपले हे दोन वाटसरू याच भागात होते. उज्जैन आणि धार ही दोन्ही ठिकाणे त्यांच्या वाटेवर आली. धारचे पवार राजे त्याच मे महिन्यात वारले होते. उज्जैन तर क्षेत्रच. रामचंद्रबाबा शेणव्यांनी राणोजी शिंद्यांच्या काळात उभे केलेले महाकाळाचे देऊळ, क्षिप्रेचे घाट, आणि घाटावर मराठी बोलणारे पुष्कळ लोक. कोकणातून निघालेल्या माणसाला इथे थोडे हायसे वाटले असेल, असे आपले आम्हांला वाटते.

पुढे ग्वाल्हेर. ज्या यज्ञासाठी एवढी पायपीट केली तो यज्ञ त्या धामधुमीत राहूनच गेला. मथुरेची वाट बंद झाली होती, ग्वाल्हेरची पलटण जूनमध्येच उठली होती. शहाणा माणूस असता तर इथून परत फिरला असता. पण परत जायचे तर रिकाम्या हाताने, आणि घरी सावकार बसलेला. विष्णुभट आणि रामभट झांशीला गेले. झांशी नेवाळकरांची, म्हणजे आपल्याच माणसांची. तिथे मराठी ब्राह्मणांची घरे होती, वाड्यात धर्मकृत्ये चालत, राणी लक्ष्मीबाई दानशूर म्हणून प्रसिद्ध. भिक्षुकाने जावे असेच ते ठिकाण.

त्यांच्या लेखनाचा सगळ्यांत भरलेला भाग हाच. आणि त्याची गोडी अशी की लढाई सुरू होण्याआधीची झांशी त्यांनी पोटभर पाहिली आहे. राणीचा दिवस कसा जाई ते ते सांगतात. पहाटेचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, स्नान, पूजा, मग कचेरी. कधी पुरुषी पोशाख, कधी साधे पांढरे लुगडे. थंडीच्या दिवसांत गोरगरिबांची दाटी झाली तेव्हा राणीने त्यांना टोप्या, बंड्या आणि घोंगड्या वाटायचा हुकूम दिला, हेही ते टिपून ठेवतात. आपल्याकडे राणीची जी चित्रे भिंतीवर असतात त्यांत घोडा आणि तलवार असते. घोंगडीचा हिशेब ठेवणारी राणी आपल्याला विष्णुभटांमुळे भेटते.

२१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोजची फौज झांशीपुढे येऊन थडकली. पुढचे दोन आठवडे विष्णुभट शहराच्या आत होते. तोफांचे गोळे रात्री आकाशात कसे दिसत, पडलेली भिंत रात्रीतून गवंडी लावून कशी बुजवली जाई, लोकांची उपासमार आणि पाण्याचे हाल कसे झाले, हे सगळे त्यांच्या लिहिण्यात आहे. तात्या टोपे वीस हजारांच्या आसपास फौज घेऊन मदतीला आले, १ एप्रिलला बेतवाकाठी त्यांचा मोड झाला, आणि शहराची आशा तिथेच सुटली. ३ एप्रिलला गोरे तटावरून आत उतरले. ४ तारखेच्या रात्री राणी दत्तकपुत्र दामोदरला पाठीशी घेऊन किल्ल्याबाहेर पडली.

त्यानंतर शहरात जे झाले ते वाचताना आम्हांला दर वेळी पुस्तक मिटून ठेवावे लागते. कत्तल आणि लूट दिवसामागून दिवस चालली. विष्णुभट आणि काका आडोशाला लपून राहिले. जवळ होते नव्हते ते देऊन जीव वाचवला. ज्या दक्षिणेसाठी वर्षभर वणवण केली ती अशी गेली. पण त्यांच्या सांगण्याचा एक विशेष आमच्यासारख्या हिशेबी माणसाच्या लगेच ध्यानात येतो. लूट त्यांनी नुसती लूट म्हणून सोडून दिलेली नाही. आधी सोने-चांदी आणि नाणे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडालत्ता, मग धान्य, अशी ती क्रमाने कशी चालली ते त्यांनी नोंदवले आहे. शिपाई चवताळून काहीही उचलत सुटले असे हे चित्र नाही. शहर पद्धतशीर रिकामे केले गेले. प्रेतांच्या मधे जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाने हा क्रम लक्षात ठेवला, यावरून त्यांच्या डोळ्यांची पारख होते.

आणि मग ग्रंथालय. झांशीच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या जमवलेला पोथ्यांचा मोठा संग्रह होता. वेद, शास्त्रे, पुराणे, ज्योतिष, वैद्यक. काशीच्या पंडितांनीही इथून पोथ्या नकलून न्याव्यात अशी त्याची ख्याती असल्याचे विष्णुभट सांगतात. तो संग्रह त्या दिवसांत नष्ट झाला. ज्याचे सगळे द्रव्य गेले, ज्याने डोळ्यांदेखत माणसे मारलेली पाहिली, तो भिक्षुक या पोथ्यांसाठी वेगळे थांबून हळहळतो. प्रथम वाचताना हे आम्हांला थोडे विचित्र वाटले होते. पण त्याच्या जागी बसून पाहावे. छापखाना अजून फार ठिकाणी पोहोचलेला नाही, ग्रंथ म्हणजे हाताने केलेली नक्कल, आणि पुष्कळ ग्रंथांच्या नकला दोन-चारच. एक प्रत जळणे म्हणजे कधी कधी तो ग्रंथच जळणे. आमच्या बँकेच्या भाषेत, लेजर जळाले आणि दुसऱ्या शाखेत त्याची नक्कलही नाही.

झांशीहून दोघे काल्पीच्या वाटेला लागले. या वाटेवरच तो प्रसंग घडला, जो पुस्तक न वाचलेल्यांनाही ऐकून ठाऊक असतो. एका विहिरीपाशी धुळीने माखलेले काही स्वार आले. त्यांत पुरुषी वेषात राणी होती, तहानेने व्याकूळ. विष्णुभट पाणी शेंदून द्यायला पुढे झाले, तर विद्वान ब्राह्मणाकडून हे काम करून घेणे बरे नाही म्हणून तिने स्वतः दोर हाती घेतला, ओंजळीने पाणी प्याली, दैव प्रतिकूल असल्याचे दोन शब्द बोलली आणि निघून गेली. पंचवीस वर्षांनी लिहिताना संवादातला शब्द न् शब्द जसाच्या तसा आठवला असेल असे धरू नये. आठवण पुष्कळदा घासली गेली की गुळगुळीत होते. पण विहीर, दोर, धूळ आणि तहान या गोष्टी मनाने रचलेल्या वाटत नाहीत.

हा फरक विष्णुभटांच्या बाबतीत सगळीकडे करावा लागतो. झांशीचे त्यांनी पाहिलेले आहे. कानपूर, लखनौ आणि राणीचा ग्वाल्हेरजवळचा शेवट हे ऐकलेले आहे. राणी जून १८५८ मध्ये पडली तेव्हा ते तिथे नव्हते. ऐकीव भागात तारखा पुढेमागे होतात, आकडे फुगतात, धर्माच्या आणि शकुनांच्या गोष्टी मधे येतात. काही अभ्यासकांनी त्यावरून त्यांना कमी लेखले. आमचे मत असे की रोजकीर्दीत लिहिलेले आणि कोणी सांगितले म्हणून टाचणावर लिहिलेले वेगळे ठेवून वाचले, तर या माणसाची रोजकीर्द पक्की आहे.

पुढची वाट थोडक्यात सांगतो, कारण ती तीर्थयात्रेची आहे आणि तशा वर्णनांची आपल्याकडे वाण नाही. चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी. वाटेत पुन्हा लुबाडले जाणे, दुखणी, उपास. परतताना विष्णुभटांनी गंगाजळाची कावड खांद्यावर घेतली आणि ती वरसईपर्यंत आणली. निघाल्यापासून अडीच-तीन वर्षांनी घरी पोहोचले तेव्हा हाती पैसा फारसा नव्हता. आईवडिलांना मात्र गंगेच्या पाण्याने स्नान घातले. कर्जाच्या हिशेबाने पाहिले तर सगळा प्रवास तोट्याचा. विष्णुभटांनी तो तसा मांडलेला नाही.

त्यानंतरची चाळीसएक वर्षे त्यांनी गावी भिक्षुकीत काढली. त्या काळात उत्तरेकडच्या गोष्टी त्यांनी ओटीवर बसून किती जणांना सांगितल्या असतील! बंडाची गोष्ट ऐकायला सगळ्यांनाच आवडते. लिहून काढा असे मात्र कोणी म्हणेना. म्हटले ते त्यांच्या यजमानांच्या घरातल्या एका तरुणाने. हा तरुण म्हणजे चिंतामण विनायक वैद्य, पुढे महाभारतावरच्या ग्रंथांमुळे भारताचार्य म्हणून गाजलेले. जन्म १८६१ चा, म्हणजे बंड शमल्यानंतरचा. कल्याणच्या या वैद्यांच्या घराशी गोडशांचा उपाध्येपणाचा संबंध होता. १८८३ च्या सुमारास, विशीतल्या चिंतामणरावांच्या आग्रहाने, पंचावन्नच्या पुढे गेलेल्या विष्णुभटांनी लेखणी हाती घेतली आणि वही पुरी केली. हेच वैद्य पुढे ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश झाले. आपले उज्जैन तेव्हा त्याच संस्थानात. ज्या राज्याच्या बायजाबाईंसाठी विष्णुभट निघाले होते, त्याच राज्यात त्यांची वही लिहवून घेणारा माणूस न्यायासनावर बसला.

वही लगेच छापली गेली नाही. इंग्रजी अंमल होता, आणि त्यात झांशीच्या कत्तलीचे उघड वर्णन. राणीविषयीचा आदर तर पानापानावर. १८९४ साली दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी राणीचे चरित्र काढले, त्यामुळे विषय लोकांपुढे आला होता. तरी एका गरीब भिक्षुकाने स्वतःच्या नावावर हे छापणे वेगळे. विष्णुभट हयात होते तोवर वही बंदच राहिली. त्यांच्या मागे, १९०७ साली, बंडाला बरोबर पन्नास वर्षे होत असताना वैद्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १९०७ चे पुस्तक म्हणजे हुबेहूब वही नव्हे. वैद्यांनी भाषा सुधारली, वाक्ये नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला. तेव्हा संपादनाची रीतच तशी होती आणि पुस्तक सुशिक्षित वाचकाला गोड लागले पाहिजे, ही त्यांची इच्छा. पण त्यामुळे वरसईच्या भटजींच्या तोंडची बोली मागे पडली आणि पुण्या-मुंबईच्या ग्रंथकाराची भाषा पुढे आली. जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने विष्णुभटांना वैद्यांच्या आवाजात ऐकले.

मग वैद्यांना दोष द्यावा काय? आम्ही तसे करणार नाही, आणि याचे कारण वहीच्या पुढच्या प्रवासात आहे. पुस्तक छापून झाल्यावर मूळ कागद टाकून देणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. छापील प्रत आली, आता ही जुनी वाळवी खाल्लेली पाने कशाला, असे घरोघरी म्हटले जाते. वैद्यांनी वही जपली आणि १९२२ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केली. आपण काय बदलले हे उद्या कोणीही ताडून पाहू शकेल, अशी सोय बदल करणाऱ्यानेच करून ठेवली. ऑडिटला येणाऱ्याच्या हाती मूळ व्हाउचर देणारा माणूस आम्ही प्रामाणिकच समजतो.

मंडळाची स्थापना १९१० ची, इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने झालेली. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेल्या गठ्ठ्यांतून राजवाड्यांनी कागद गोळा केले हे आपण शाळेत शिकलो. त्या कागदांच्या शेजारी विष्णुभटांची वही जाऊन बसली. आणि १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून ‘माझा प्रवास’ पुन्हा संपादून काढला. विष्णुभट स्वतःच्या शब्दांत वाचकांपुढे आले ते तेव्हा, लिहिल्यानंतर ऐंशीपेक्षा अधिक वर्षांनी. लांब लांब, श्वास न घेता चाललेली वाक्ये. मधेच देवाधर्माचे, मधेच पैशाचे, मधेच जेवणाचे. वैद्यांची प्रत वाचायला सोपी. पोतदारांची प्रत वाचताना मात्र ओटीवर बसून ऐकल्यासारखे वाटते.

आता थोडे आपल्या माळव्याविषयी. उज्जैनमध्ये सिंधिया प्राच्य संस्थेची स्थापना १९३१ ची. पुढे ती विक्रम विश्वविद्यालयाकडे आली. हजारो पोथ्या तिथे जतन झाल्या, आणि त्या कुठून ना कुठून कोणाच्या तरी घरातून आल्या. मंदसौर जिल्ह्यातल्या सीतामऊला महाराजकुमार रघुवीरसिंहांनी आयुष्य घालवून उभा केलेला नटनागर शोध संस्थानचा संग्रह आहे. शिंद्यांच्या वतीने कोट्याला असलेल्या गुळगुळे घराण्याचे मराठी दफ्तर तिथेच पोहोचले. रामघाटावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांची नावे, गाव आणि कुळ सापडते, हे तर सर्वांनाच माहीत. पण तीर्थोपाध्यायाच्या वहीत येणाऱ्याचे नाव असते, त्याने वाटेत काय पाहिले ते नसते. विष्णुभट स्वतः याच व्यवसायातले, नाव-गोत्र लिहून घेणाऱ्यांच्या परंपरेतले. त्यांनी जे पाहिले तेही लिहिले, आणि तेसुद्धा कोणी विचारले म्हणून.

न लिहिलेल्याचे उदाहरण शोधायला उज्जैनपासून दूर जायला नको. झांशीच्या किल्ल्यातून राणीच्या पाठीशी निघालेला तो मुलगा, दामोदरराव, राणीच्या मृत्यूनंतर सरदारांबरोबर रानोमाळ भटकला, १८६० मध्ये इंग्रजांच्या हवाली झाला आणि पुढचे सगळे आयुष्य त्याने तुटपुंज्या पेन्शनीवर इंदूरला काढले. १९०६ साली तो तिथेच वारला. सेहेचाळीस वर्षे तो आपल्यापासून तीस-पस्तीस मैलांवर राहत होता. त्याच्या नावाने चालत आलेली आठवण आहे ती मुख्यतः रानातल्या हालअपेष्टांची, काही पानांत मावेल एवढी. तो गेला त्याच्या पुढच्याच वर्षी विष्णुभटांचे पुस्तक निघाले. आपल्या आईविषयी वरसईच्या एका भिक्षुकाने काय लिहून ठेवले आहे ते छापील रूपात पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

आपल्या समाजात ज्यांच्याकडे आजोबा-पणजोबांच्या हातची बासने, मोडीतली पत्रे, जमाखर्चाच्या वह्या असतील, त्यांनी पावसाळ्याआधी त्या माळ्यावरून खाली काढून एकदा मोकळी हवा द्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत, आत दमट धरते. सुती कापडात गुंडाळावे. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही. वाचणारे आजही मिळतात आणि मोडीचे वर्गही चालतात. पत्रांवर कोणाचे नाव आहे, घरात ती कोणाकडून आली, एवढे जरी वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवले, तरी पुढे पाहणाऱ्याचे निम्मे काम होते. आणि वडीलधारे आता किती उरले आहेत हे आपल्याला माहीतच आहे.

पुस्तकाविषयी शेवटची एक सोय सांगतो. आपली नातवंडे मराठी बोलतात, पण वाचायला घेतात ते हिंदी. त्यांच्यासाठी लखनौचे थोर कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने विष्णुभटांचे पुस्तक हिंदीत आणलेले आहे. हेच नागर पुढे अवधच्या खेड्यापाड्यांतून हिंडले आणि लोकांच्या तोंडच्या सत्तावनच्या आठवणी त्यांनी ‘गदर के फूल’मध्ये जमा केल्या. इंग्रजीतही गेल्या काही वर्षांत दोन-तीन अनुवाद झाले. प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचा त्यांत आहे. नातवंडांनी झांशीचा भाग हिंदीत वाचला की मराठी प्रत त्यांच्यापुढे ठेवावी. विहिरीचे पान आधी काढून द्यावे, बाकीचे मग ती आपोआप वाचतात. मराठी प्रत विकत घेणाऱ्यांनी मात्र आतले पान उघडून ती वैद्यांच्या मजकुराची आहे की पोतदारांच्या, हे दुकानातच पाहून घ्यावे. मुखपृष्ठावर दोन्हींचे नाव एकच असते.